‘अरे निखिल’ म्हटलं आणि अख्खं माजघर गप्प

पोहेवाली :
बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, सांभाळून घ्या. गौरीजेवणाला सासरी गेलो होतो, कोरेगाव तालुक्यात. माजघरात आम्ही चौदा जणी, कोण पुरण भरतंय, कोण लाटतंय, कोण भाजतंय, आणि निखिल (नवरा, नाव बदललंय, तो पण इथे वाचतो) पुरुषमंडळींच्या चहाचं दूध गॅसवर ठेवून मोबाईलमध्ये डोकं घालून उभा. दूध वर आलं. मी पोळी उलटता उलटता ओरडले, "अरे निखिल, गॅस बंद कर, गाढवा!"

लाटणी थांबली. म्हणजे खरंच थांबली, बांगड्यांचा आवाज पण बंद. आत्येसासूबाईंनी नुसतं "हं" केलं. मी पोळीकडे बघत बसले. मग सासूबाई हळूच म्हणाल्या, "गाढव म्हणालीस ते बरोबरच आहे, पण चारचौघांत 'अहो गाढव' म्हणावं."

सगळ्या हसल्या, मी पण हसले, पण ते डोक्यात राहिलं. पुण्यात आमचं कॉलेजपासून अरे-तुरेच आहे. फक्त आनेवाडीचा टोलनाका ओलांडला की माझं आपोआप 'अहो' सुरू होतं, पूर्वी मोबाईलला रोमिंग लागायचं ना तसं. त्या दिवशी रेंज गेली एवढंच. आणि गंमत म्हणजे तो मला इथे पण 'अगं' आणि तिथे पण 'अगं'. त्याला रोमिंग नाहीच.

तर तुमच्याकडे कोण कोणाला काय म्हणतं? नवरा-बायको, आईबाप, सासू, ऑफिस, रिक्षावाले, काहीही चालेल. "संस्कृती बुडाली"वाल्यांनी जरा दमानं घ्यावं ही विनंती.

बारा_गावचं_पाणी :
'अहो गाढव' भारी आहे, सासूबाईंना नमस्कार सांगा.

मी महसूल खात्यात ३१ वर्षं काढली. आमच्या खात्यात नाव घ्यायचंच नसतं. तलाठी म्हणजे भाऊसाहेब, तहसीलदार म्हणजे रावसाहेब, शिपाई म्हणजे मामा. तलाठ्याचं आता ग्राम महसूल अधिकारी केलंय, पण बांधावर उभा असलेला शेतकरी काय "अहो ग्राम महसूल अधिकारी" म्हणणार आहे का, तो भाऊसाहेबच म्हणणार. एकदा एक नवीन पोरगा प्रांत म्हणून आला, दिल्लीकडचा, सव्वीस-सत्तावीसचा असेल, म्हणाला मला नावानं हाक मारा. अख्खं ऑफिस आठवडाभर त्याच्याशी बोललंच नाही. म्हणजे राग नव्हता हो, हाक मारायची कशी तेच कोणाला कळेना. शेवटी हेडक्लार्कनं तोडगा काढला, सरळ 'सर' म्हणा, इंग्रजीत अहो-अरेची भानगडच नाही.

घरी म्हणाल तर आमची ही मला 'ऐकलंत का' म्हणते. ४० वर्षं माझं नाव 'ऐकलंत का' आहे, आणि ४० वर्षांत मी ऐकलेलं नाही हा भाग वेगळा.

नाव_नको :
सॉरी पण मला यात गंमत वाटत नाही. प्रश्न अहो-अरेचा नाहीच, प्रश्न एकतर्फी असण्याचा आहे. दोघांनी अहो-जाहो करा नाहीतर दोघांनी अरे-तुरे करा. पूर्वी नवरा दहा-बारा वर्षांनी मोठा असायचा तेव्हा एकवेळ समजू शकते, आता एका वर्गात शिकलेले, एका बसने जाणारे, पगार पण जवळपास सारखा, आणि लग्नाचा हॉल सोडला की एकाला बढती. आमच्या लग्नात तर भटजींनीच सांगितलं आता 'अहो' म्हणायचं. मी म्हटलं मग हा पण मला 'अहो' म्हणेल. भटजी म्हणाले दक्षिणा नंतर द्या.

आणि दुसरी मजा बघा. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी मुलाचं नाव मग आईचं, मग बापाचं, मग आडनाव. चांगलंच झालं. म्हणजे कागदावर आई बापाच्या आधी, आणि माजघरात त्याच आईनं बापाचं नाव तोंडातून काढलं की लाटणी थांबणार.

सडेतोड :
झालं, आलेच समानतावाले. अहो 'अहो'मध्ये जो गोडवा आहे तो 'अरे सचिन'मध्ये आहे का? माझी आई आयुष्यभर अहो म्हणाली म्हणून ती काय गुलाम होती का, घरचे सगळे व्यवहार तीच बघायची, बाबांना खिशात दहा रुपये हवे असले तरी आईला विचारायचे. हल्लीची कार्टी बापाला 'ए बाबा' म्हणतात, तेव्हा अंगावर काटा येतो. आमच्या वेळी वडील खोलीत आले की आम्ही रेडिओ बंद करायचो.

नाव_नको :
@सडेतोड वडील आल्यावर रेडिओ बंद करणं म्हणजे आदर नाही, भीती. आणि आईला तुम्ही 'तू' म्हणत असणार, पैजेवर सांगते. घरचे व्यवहार बघणारीला 'तू' आणि दहा रुपये मागणाऱ्याला 'तुम्ही'.

सडेतोड :
आईला तू म्हणतात कारण आई जवळची. देवाला पण आपण तूच म्हणतो.

गिरगावातला_मी :
हे मात्र पटलं. जनाबाई तर विठ्ठलाला सरळ विठ्या म्हणते आणि वर शिव्या घालते. नावाला 'या' लावला की मराठीत माणूस आपला झाला. पश्या, मन्या, सच्या. 'सैराट'मध्ये पण प्रशांतचा परश्या होतो. आमच्या चाळीत एक रिटायर्ड जज राहायचे, खाली उतरले की त्यांच्या शाळेतला दोस्त चौथ्या माळ्यावरून 'ए बाळ्या' ओरडायचा आणि जजसाहेब वर बघून हात हलवायचे. बाकी आम्ही सगळे त्यांना बघून जिन्यात कडेला सरकायचो.

मालवणी_मसालो :
आमच्याकडे बापाशीक तू नि देवाकय तू. "बाबा, जेवलंस?" असाच इचारतत. गाऱ्हाण्यात पयलो 'बा देवा म्हाराजा' म्हणान मान देतत आणि मगे सरळ तू-तू करून कामां सांगतत, व्हय म्हाराजा. पुण्यातली सून येली ती सासऱ्याक अहो-जाहो करी, तर सासरो आमच्या आयेक इचारी, "ह्येका माझो राग इलो काय गे?"

(बाकीच्यांसाठी : सुनेनं सासऱ्याला 'अहो' म्हटलं तर सासऱ्याला वाटलं ही रागावलीय.)

ठेचा_नागपुरी :
हाहा आमच्या इकडं पण पुण्याचे पाहुणे आले की असंच होते. आमच्या बायका नवऱ्याला 'अजी' म्हणतात, जुन्या बायका. आता 'अजी' म्हटलं का पोट्टे हसतात. आणि बे. 'काऊन बे' म्हटलं का पुण्याचा माणूस घाबरते, त्याला वाटते भांडण आहे. अरे भाऊ भांडण असतं तर आम्ही 'तुमी' म्हटलं असतं! दोस्ताला राग आला ना का तो तुमी-आमी वर येते, "तुमीच करा मंग", तवा समजायचं का मामला सिरीयस आहे. आणि आईबापाला बाहेर सांगतांना 'आमचा बुढा', 'आमची बुढी'. माह्या पुण्याच्या मॅनेजरला सांगतलं का बुढीची तब्येत बरी नाही, सुट्टी पायजे, तर तो म्हणे आईबद्दल असं बोलतात का. मी इकडं बुढीसाठी आठशे किलोमीटर चाललो रे बाबा, नि तू मले शब्द शिकवून राहिला.

पोहेवाली :
@ठेचा_नागपुरी हे खरंय हां, रागाचं 'तुम्ही' आमच्याकडे पण आहे. मी निखिलला "तुम्ही बसा, मी करते" म्हटलं की तो ताबडतोब भांडी घासायला उठतो.

आयटीमध्ये तर अजून वेगळं आहे. माझी टीम लीड माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान, ती मला पहिल्याच दिवशी "अगं तू जॉईन केलंस ना कॉल" म्हणाली. मला वाईट नाही वाटलं पण एक सेकंद लागला. तीच लिफ्टमध्ये हाउसकीपिंगच्या मावशींना 'तुम्ही' म्हणते. आणि आमच्या सोसायटीत मात्र पंचावन्न वर्षांच्या कामवाल्या मावशींना दहावीतला मुलगा 'ए मावशी तू उद्या येणारेस का'. नातं पण लावायचं आणि तू पण म्हणायचं.

आणि 'बाई' शब्दाचं काय झालं बघा. जिजाबाई, अहिल्याबाई, आणि शाळेत जोशी बाई, कुलकर्णी बाई. आता शाळेत मॅडम, मिस, टीचर, आणि 'बाई' म्हटलं की धुणंभांडी. आमच्या वर्गशिक्षिका होत्या त्यांना मी परवा मंडईत 'बाई!' म्हणून हाक मारली तर बरोबरची त्यांची नात म्हणाली आजीला बाई काय म्हणता.

फक्त_वाचक :
सहसा लिहीत नाही, आज लिहितो.

आमच्या गावात माझ्या आजोबांना वाड्यावरची सात-आठ वर्षांची पोरं 'ए धोंड्या' म्हणायची. आजोबा तेव्हा साठीचे. आणि आजोबा त्या पोरांना 'धाकले मालक' म्हणायचे. वर गिरगावातला_मी यांनी लिहिलंय की 'या' लावला की माणूस आपला झाला. चाळीत असेल. आमच्याकडे 'या' लावला की माणूस त्यांचा झाला.

वडील शिकले, डी.एड. झाले, आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले ते नेमके शेजारच्याच गावात. त्याच लोकांना 'गुरुजी' म्हणावं लागलं. काही जण शेवटपर्यंत म्हणाले नाहीत, नुसतं "काय म्हणतंय शाळा" असं मधलं काहीतरी बोलायचे, म्हणजे तू पण नाही आणि तुम्ही पण नाही. मराठीत ती पण सोय आहे, वाक्यच असं करायचं की क्रियापदाला माणूस लागत नाही.

वडिलांची एक सवय होती. ते वर्गात पहिलीतल्या पोरांना सुद्धा 'अहो' म्हणायचे. "अहो, फळा पुसा." "अहो, तुमची चड्डी सुटलीय, नीट करा." पोरं हसायची, इन्स्पेक्टर आले तर ते पण हसायचे. वडील नाही हसायचे. आमच्या घरात कोणी बाबासाहेबांचं नुसतं आडनाव घेतलं तरी त्यांना चालायचं नाही, आणि ते मला पण दहावीपर्यंत रागावताना 'तुम्ही' म्हणायचे, ठेचा भाऊंच्या रागाचं 'तुम्ही' नाही, साधंच. त्यामुळे मला 'अहो' या शब्दाचा राग येत नाही. कोणाला म्हटलं जातं आणि कोणाला म्हटलंच जात नाही एवढंच बघतो.

गिरगावातला_मी :
@फक्त_वाचक मान्य, माझं वाक्य घाईचं होतं. "अहो फळा पुसा" लक्षात राहील.

पेपरमध्ये पण हाच खेळ असतो बघा. मंत्री 'ते म्हणाले', खेळाडू 'तो म्हणाला'. सचिनला भारतरत्न मिळालं तरी आपण 'तो खेळला' म्हणतो. लताबाई 'त्या', किशोरकुमार 'तो'. पुढाऱ्याला अटक झाली तरी 'त्यांना ताब्यात घेतले', पाकीटमाराला अटक झाली की 'त्याला'. गुन्हा दोन पाकिटांचा असला तर एकवचन, दोनशे कोटींचा असला तर आदरार्थी बहुवचन.

आणि मान द्यायच्या नादात काय होतं तेही बघा. व्हीटीचं १९९६ ला छत्रपती शिवाजी टर्मिनस केलं. मग एकेरी उल्लेख नको म्हणून २०१७ ला 'महाराज' घातलं, २०१८ ला एअरपोर्टला पण घातलं. भावना बरोबरच आहे, मी स्वतः 'महाराज' म्हटल्याशिवाय बोलत नाही. पण लोकलमधल्या अनाउन्समेंटची बाई काय म्हणते, "पुढील स्टेशन छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस", आणि डब्यातला माणूस म्हणतो "सीएसएमटीला उतरणार का". एक अक्षर वाढलं एवढंच, एसटी स्टँडचं नाव वाटतं. आणि निम्मे अजून व्हीटीच म्हणतात. आता मला कोणी ट्रोल करू नका, मी नाव बदलू नका म्हणत नाहीये, पूर्ण घ्या म्हणतोय.

सडेतोड :
हे मात्र लाख बोललात. पहिल्यांदाच सहमत.

इंदुरी_जावई :
नमस्कार मंडळी. मी इंदूरचा, होळकरांच्या वेळेपासून आमचं घराणं तिथे, सासर ठाण्याचं. आमच्या मराठीला तुम्ही हसता ते माहीत आहे मला ("मी तिथे जाऊन राहिलोय" वगैरे) पण एक सांगतो, आम्ही इंदूरकडे हिंदीत लहान पोरांना पण 'आप' म्हणतो. लग्नानंतर पहिल्यांदा ठाण्याला आलो तर मेव्हणा दुकानात हिंदीत बोलत होता, साठीच्या दुकानदाराला "तुम देदो ना, तुम कायको टेन्शन लेता है". मी मान खाली घातली. नंतर कळलं की तो तर त्याला मान देत होता, कारण त्याच्या डोक्यात तुम म्हणजे तुम्ही! मराठी माणसानं उत्तरेत जितके शत्रू केले असतील त्यातले निम्मे तरी या एका 'तुम'मुळे.

आणि मुंबईचं 'अपुन' आपल्या 'आपण'चंच पोर आहे. 'आपण' मराठीत किती सोज्वळ शब्द, पत्रिकेत 'आपण सहकुटुंब यावे', आणि तोच मुंबईच्या हिंदीत जाऊन कॉलर वर करून 'अपुन बोला ना'.

सडेतोड :
हिंदी आली का, मग बोलूच. २०२५ च्या जूनमध्ये पहिलीपासून हिंदी घुसवायचा जीआर काढला होता, लोक खवळले म्हणून २९ जूनला मागे घ्यावा लागला. नाहीतर आत्ता पहिलीतली पोरं घरी येऊन 'तुम' म्हणाली असती. ५ जुलैला वरळीला दोन्ही ठाकरे बंधू एका स्टेजवर आले ते काय उगाच नाही.

इंदुरी_जावई :
अहो मी हिंदी शिकवा म्हणालोच नाही, मी म्हणालो आपलं 'तुम' सुधारा.

बारा_गावचं_पाणी :
धागा घसरतोय. त्रिभाषेवर आधीच दोन धागे चारशे प्रतिसादांपर्यंत गेलेत, तिकडे या. इथे अहो-अरे.

पण ठाकरे आलेच तर राजकारणातलं बोलू. महाराष्ट्राचं राजकारण म्हणजे एकत्र कुटुंबाची शिधापत्रिका आहे. शरद पवार साहेब, अजित पवार दादा, सुप्रिया सुळे ताई, आर. आर. पाटील आबा, त्याआधी वसंतदादा. शेकापमध्ये सगळे 'भाई', म्हणजे कॉम्रेड. तोच 'भाई' मुंबईत गेला की हप्ता मागतो. आणि 'दादा' तर गल्लीचा पण असतो आणि सांगलीचा पण. नातं लावलं की प्रश्न विचारता येत नाही हा फायदा. रस्ता का नाही झाला हे आमदाराला विचारता येतं, दादाला कसं विचारणार, घरचा माणूस.

ठेचा_नागपुरी :
आणि २०२४ ला तर सरकारनंच नातं लावलं, लाडकी बहीण. महिन्याला १५०० ओवाळणी, नि भाऊ किती, तर एकापेक्षा एक. आमच्या नागपूरचे तर डायरेक्ट देवाभाऊ झाले. भाऊबीज वर्षातून एकदा यायची, आता बँकेचा मेसेज आला का भाऊबीज.

पोहेवाली :
हसा, पण आमच्या मावशींचा सिलिंडर त्या पैशातून येतो हे मी डोळ्यांनी बघते. मात्र त्यांना मी विचारलं भाऊ कोण वाटतो तुम्हाला, तर म्हणाल्या, "भाऊ कसला, सख्ख्या भावानं हक्कसोडपत्रावर सही घेतली माझी. हे सरकार आहे, देतंय तोवर घ्यायचं."

स्टुटगार्टची_सून :
उशिरा आले. मी इकडे अकरा वर्षं, नवरा जर्मन. जर्मनमध्ये पण 'डू' आणि 'झी' आहे, तू आणि तुम्ही. माझ्या पहिल्या ऑफिसात एक सहकारीण दीड वर्ष मला झी म्हणत होती आणि मग एका दिवशी कॉफी घेऊन आली, म्हणाली आपण आता डू म्हणूया का. चक्क विचारलं! त्यात पण नियम, मोठ्यानं विचारायचं असतं, लहानानं नाही. मला वाटलं आपल्याकडे हे असतं तर किती बरं, सासूनं पहिल्या दिवाळसणाला विचारायचं, आजपासून 'तू' म्हणणार का?

नवरा माराठी (तो असंच म्हणतो) शिकला तो माझ्याकडून, म्हणजे माझं त्याच्याशी बोलणं ऐकून. त्यामुळे त्याला फक्त अरे-तुरेच येतं. दादरला भाजीवाल्या आजींना म्हणाला "तू कोथिंबीर देतेस का". मी जमिनीत जायच्या बेतात, आणि आजींनी त्याला जुडी फुकट दिली वर माझ्या आईला म्हणाल्या, "जावई गुणाचा आहे, माझा नातू असाच बोलतो." आता मी त्याला 'तुम्ही' शिकवलंय तर तो शेजाऱ्यांच्या कुत्र्याला पण म्हणतो. "तुम्ही खाली बसा." कुत्रा बसतो.

नाव_नको :
कुत्रा बसतो 😂 हे वाचून ऑफिसात चहा सांडला.

बरं मालिकांवर कोणीच बोललं नाही? २०१३ साली सुरू झालेल्या 'होणार सून मी ह्या घरची'मध्ये जान्हवी नवऱ्याला सरळ 'श्री' म्हणायची. 'काहीही हं श्री' वर अख्ख्या महाराष्ट्राने जोक केले, माझ्या आजीसकट. पण नवऱ्याचं नाव घेते म्हणून आमच्या आजीनं सिरीयल काही बंद केली नाही. तीच आजी स्वतः मात्र हरभऱ्याला हरभरा म्हणायची नाही, कारण आजोबांचं नाव हरबा. चण्याची डाळ, चण्याचं पीठ, आणि "अमक्याला चण्याच्या झाडावर चढवू नका". आम्ही मुद्दाम विचारायचो आजी टहाळाला काय म्हणतात. "ओला चणा." मी अख्खं लहानपण चणा आणि हरभरा ही दोन वेगळी धान्यं आहेत असं समजत होते.

पोहेवाली :
@नाव_नको हे वाचून सासूबाईंचं सांगावंच लागतंय. काल फोनवर त्यांची परवानगी घेतलीय.

सासऱ्यांना २०१९ मध्ये रात्री छातीत दुखलं. आम्ही पुण्यात, धाकटे दीर बाहेरगावी, सासूबाईंनी शेजाऱ्यांची गाडी काढायला लावून त्यांना साताऱ्याला एका हॉस्पिटलात नेलं. शेजारी गाडी लावायला गेला आणि काउंटरवर ह्या एकट्या. पोरगा विचारतो पेशंटचं नाव. ह्या म्हणतात "ह्यांचं?" हो, पटकन. ह्यांनी आडनाव सांगितलं, गाव सांगितलं, वय, साखर किती, गोळ्या कुठल्या, मागच्या वेळचा ईसीजी कधी काढला, सगळं. नाव नाही. तोंडातून निघेचना. तो वैतागला, "आजी नवऱ्याचं नाव विसरलात काय?" सासूबाई म्हणाल्या मला तेव्हा स्वतःचाच इतका राग आला, आत ह्यांना नळ्या लावतायत आणि मला एक शब्द बोलता येत नाही. लहानपणापासून डोक्यात बसलेलं, नाव घेतलं की आयुष्य कमी होतं, आणि नेमकं त्या रात्री कसं घ्यायचं!

काउंटरच्या मागे भिंतीवर दत्ताचा फोटो होता, उदबत्ती लावलेला. ह्यांनी बोट दाखवलं. "हे." त्या पोरानं मान वळवून बघितलं, फोटोखाली काय लिहिलं होतं कुणास ठाऊक, आणि लिहिलं, गुरुदत्त.

तर माझे सासरे, दत्तात्रय, तीन दिवस त्या वॉर्डात गुरुदत्त होते. सिस्टर यायच्या, "गुरुदत्त काका, गोळी." सासऱ्यांना वाटलं औषधामुळे आपल्याला चुकीचं ऐकू येतंय म्हणून ते गप्प बसले. मेडिक्लेमला नाव जुळेना, निखिलचे दोन दिवस ते दुरुस्त करण्यात गेले. आता सासरे ठणठणीत आहेत, आणि चिडवायचं असलं की आम्ही गुरुदत्त म्हणतो. सासूबाई त्या वेळी हसतात पण कालच्या फोनवर हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तू त्या दिवशी गॅसपाशी नाव घेऊन ओरडलीस ना, मला पहिल्यांदा वाटलं हिचं बरंय, हिला काउंटरवर अडायचं नाही."

फक्त_वाचक :
वाचलं. सासूबाईंना नमस्कार.

बारा_गावचं_पाणी :
आमच्या 'ऐकलंत का'ला वाचून दाखवलं. ती उठून आत गेली आणि आतून पहिल्यांदा माझं नाव घेऊन विचारलं चहा घेणार का. मला वाटलं बाहेर कोणी आलंय. उठून दार उघडलं.

पोहेवाली :
😂😂 आता कामाचं. पुढच्या महिन्यात सासू-सासऱ्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होतायत, घरीच जेवण ठेवलंय. आत्येसासूबाईंनी हुकूम काढलाय की उखाणा पाहिजे. उखाण्यात नाव घेतलेलं चालतं, हा पूर्वीच्या बायकांनी बरोबर काढलेला पळवाटीचा दरवाजा. पण सासूबाईंना लग्नातला एकच येतो, तो चांदीच्या ताटवाला, आणि तो नको म्हणतायत. दत्तात्रयला यमक जुळवून द्या कोणीतरी.

गिरगावातला_मी :
लोकलला गर्दी, बसला उशीर, रिक्षावाल्याला ना दया ना भय,
सगळ्यांत वेळेवर घरी येतात ते आमचे दत्तात्रय.

ठेचा_नागपुरी :
कोरेगावचा वाघ्या घेवडा शिजतो लवकर, हीच त्याची सोय,
पन्नास वर्षं शिजवून राहिली तरी कच्चेच दत्तात्रय.

सडेतोड :
सोय आणि त्रय जुळत नाही. यमक बघा जरा.

ठेचा_नागपुरी :
मंग तुमीच करा.

स्टुटगार्टची_सून :
@सडेतोड त्यांनी तुम्हाला 'तुमी' म्हटलंय, मामला सिरीयस आहे.

बारा_गावचं_पाणी :
सातबारा यांच्या नावे, फेरफाराचं नाही भय,
चहाची वेळ झाली, आता उठा दत्तात्रय.
(खात्याची सवय, माफ करा.)

पोहेवाली :
सगळे वाचून दाखवले. घेवड्याच्या वेळी खूप हसल्या, पण "सासऱ्यांना कच्चे म्हणतात का" म्हणून नापास. सातबारा थोडक्यात हुकला. मग म्हणाल्या थांब, आणि पाचच मिनिटांनी परत फोन आला, स्वतःचाच केला होता :

दूध उतू गेलं तरी मोबाईल बघायची लेकाची सवय,
पेपरातून मान वर न काढणारे त्याचे वडील दत्तात्रय.

मागून सासऱ्यांचा आवाज येत होता, "कोण काय म्हणालं मला?"